कॅरॅव्हॅनच्या खिडकीत धुकं साठलंय? आधी बोट फिरवून बघा

आम्ही इंग्लंडात आल्यावर बऱ्याच वर्षांनी एक सेकंडहँड टूरिंग कॅरॅव्हॅन, म्हणजे मोटारीमागे ओढत न्यायचं चाकांवरचं घर, घेतली, ऑक्टोबर महिना होता, पहिली ट्रिप लेक डिस्ट्रिक्टला, आणि पहिल्याच सकाळी उठून बघते तर पुढची मधली मोठी खिडकी पांढरीफटक. किचन टॉवेल घेऊन पुसायला लागले, पुसून झालं तरी बाहेरचं तळं काही दिसेना, परत पुसलं, आणि टॉवेल बघितला तर कोरडाच. मग कळलं की ओल माझ्या बाजूला नाहीचे, दोन काचांच्या मधे आहे. त्यानंतर एका वर्कशॉपमध्ये दाखवली तर त्यांनी सरळ नव्या खिडकीच्या खर्चाचा अंदाज हातात ठेवला, शेकडो पाऊंडांचा. ती खिडकी आजही आमच्या गाडीला तीच आहे आणि स्वच्छ आहे.

ओळखीत कोणी नवीन कॅरॅव्हॅन घेतली की थंडीतला पहिला फोन बहुतेक ह्याच खिडकीवरून येतो, म्हणून एकदाचं सगळं नीट लिहून काढतेय. घाबरायचं कारण नाही, पण घाईही करायची नाही. ड्रिल नको, सिलिकॉन नको, आधी नुसतं बघायचं.

आधी पाणी कुठे आहे ते ठरवा

सकाळी लवकर, हीटर लावायच्या आधी, खिडकीवर आतून बोट फिरवा. बोट ओलं झालं आणि रेघ उमटली तर ती आपल्याच श्वासाची आणि स्वयंपाकाची वाफ आहे, खिडकीचा दोष नाही. आतून काही नाही, बाहेर जाऊन फिरवलं तर रेघ उमटते, म्हणजे ते दव आहे, ऊन आलं की जाईल, विसरून जा. दोन्हीकडून बोट कोरडं आणि धुकं जागच्या जागी, तर ते मधल्या पोकळीत आहे.

मधलं असेल तर अजून एक गोष्ट बघायची. नुसतं धुकं आहे, की खालच्या कडेला थेंब जमून पाण्याची रेघ झालीये, तुम्ही खिडकी हलवली की ते पाणी इकडून तिकडे जातं? धुकं म्हणजे पोकळीतली हवा दमट झालीये. हलणारं पाणी म्हणजे बहुतेक वेळा कुठेतरी कडेचा जोड उघडलाय. दोन्हीचा उपाय वेगळा, म्हणून इथे पाच मिनिटं जास्त घालवा. मोबाइलवर फोटो काढून ठेवा, तारखेसकट, पुढे उपयोग होतो.

ही काच नाहीये

नवीन माणसाला हे कोणी सांगत नाही आणि सगळा घोटाळा तिथेच होतो. टूरिंग कॅरॅव्हॅनच्या खिडक्या ॲक्रिलिकच्या असतात, म्हणजे प्लॅस्टिक. काचेपेक्षा वजनाला जवळजवळ निम्मं, फुटलं तरी काचेसारखे सुरे होत नाहीत, आणि गाडीमागे ओढायच्या वस्तूत एकेक किलो मोजावा लागतो, म्हणून तेच वापरतात. ॲक्रिलिकचे दोन पत्रे कडेला एकमेकांना चिकटवलेले, मधे हवा, बास. घरातल्या डबल ग्लेझिंगच्या कडेला आत जी पट्टी असते तिच्यात ओल शोषणारे दाणे भरलेले असतात, इथे तसलं काही नसतं.

त्यात ॲक्रिलिक स्वतःच थोडी थोडी ओल पितं. पापड डब्याबाहेर राहिला की सादळतो ना, तसं, फक्त फार हळू. म्हणजे कडेचा जोड अगदी धडधाकट असला तरी वर्षानुवर्षं थोडी वाफ आत जातेच. शिवाय दिवसा उन्हाने मधली हवा फुगते, रात्री आकसते, आणि जिथे केसाएवढी जरी फट असेल तिथून बाहेरची ओली हवा आत ओढली जाते. त्यामुळे थोडंसं धुकं अधूनमधून येणं हे ह्या खिडक्यांच्या बाबतीत नॉर्मल आहे, त्याला लगेच बिघाड समजू नका.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. घरातला काच पुसायचा स्प्रे ह्याच्यावर अजिबात मारायचा नाही. अमोनिया, अल्कोहोल, स्पिरिट, थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर, काही काही नाही. मी पहिल्या महिन्यात तो स्प्रे मारला होता आणि काही दिवसांनी उन्हात एका कोपऱ्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक बारीक चिरा दिसायला लागल्या, नखाला लागत नाहीत पण तिरक्या उजेडात चमकतात. त्या कधीच जात नाहीत. कोमट पाणी, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, मऊ मायक्रोफायबर, एवढंच. धूळ असेल तर आधी भरपूर पाण्याने वाहून जाऊ द्या, कोरडं घासलं की ओरखडे पडलेच.

मधलं धुकं काढायचं कसं

आतल्या पत्र्याच्या कडेला नीट बघा, बहुतेक करून वरच्या कोपऱ्यांपाशी, तुरीच्या दाण्याएवढी प्लॅस्टिकची किंवा रबराची बुचं दिसतील. एक किंवा दोन, काही खिडक्यांना खाली पण असतात. पारदर्शक असतात म्हणून पटकन दिसत नाहीत, टॉर्च तिरका धरा. कंपनीने ती ह्याच कामासाठी ठेवलेली असतात, हँडबुक असेल तर त्यात पण बहुतेक लिहिलेलं असतं.

आता दिवस निवडायचा, आणि इथे बरेच जण चुकतात. वाटतं की जुलैमध्ये करू, उन्हाळा आहे. पण उन्हाळ्यातली हवा गरम असली तरी दमट असते. २० अंशांची हवा दर घनमीटरला साधारण १७ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात धरू शकते, ५ अंशांची साधारण ७ ग्रॅम, आणि शून्य अंशाची ५ ग्रॅमच्याही खाली. म्हणजे जानेवारीतल्या कडक थंडीच्या, स्वच्छ उन्हाच्या दिवशी बाहेरची हवा मुळात कोरडी असते, ती आत घेऊन हीटरने २० अंशांपर्यंत गरम केली की तिची आर्द्रता ३० टक्क्यांच्या आसपास येते. खिडकी वाळवायला ह्याच्यापेक्षा चांगला दिवस नाही. एक साधं आर्द्रता मोजायचं मीटर आणा, स्वस्तात मिळतं, आणि आकडा बघून ठरवा.

बुचांच्या आजूबाजूला आधी पुसून घ्या नाहीतर धूळ आत पडेल आणि ती कायमची तिथेच बसेल. मग नखाने किंवा प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीने हळूच उचकटायचं, सुरी स्क्रूड्रायव्हर घालायचा नाही. निघाली की लगेच झाकणाच्या डबीत टाका, ती टुणकन उडून सोफ्याखाली जातात आणि मग अर्धा दिवस शोधण्यात जातो. दोन असतील तर दोन्ही काढा, एका भोकातून हवा खेळत नाही. किड्यांसाठी खिडकीची जाळी ओढून ठेवा, एकदा आमच्याकडे एक चिलट आत गेलं ते आजतागायत तिथेच आहे.

मग दोनतीन दिवस तसंच सोडायचं, आत हीटर माफक चालू, किंवा डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल काढणारं यंत्र, चालू. डिह्युमिडिफायर घेताना लक्षात ठेवा, कंप्रेसरवाले थंडीत फारसं पाणी काढत नाहीत, थंड गाडीसाठी डेसिकंट, म्हणजे ओल शोषणाऱ्या पदार्थावर चालणारा, प्रकार बरा. बहुतेक धुकी एवढ्यानेच जातात, खरंच. घाई असेल तर हेअर ड्रायर चालतो पण सगळ्यात कमी गरमीवर, हातभर लांबून, सतत हलवत, आणि मधूनमधून पत्र्याला तळहात लावून बघा, हाताला चटका बसत असेल तर ॲक्रिलिकलाही तो जास्तच आहे. वाकलं की परत सरळ होत नाही. हीट गन तर जवळ पण आणू नका.

तरीही गेलं नाही तर पुढची युक्ती. ही मला पीक डिस्ट्रिक्टच्या एका साइटवर शेजारच्या पिचवरच्या (गाडी लावायच्या जागेवरच्या) रिटायर्ड आजोबांनी दाखवली, त्यांनी स्वतःच्या गाडीच्या पाच खिडक्या अशाच वाळवल्या होत्या. मत्स्यालयाचा छोटा हवेचा पंप घ्यायचा. त्याची नळी एका प्लॅस्टिकच्या बाटलीत सोडायची, बाटलीत सिलिका जेलचे दाणे भरलेले, औषधाच्या डबीत छोट्या पुडीत येतात तेच, पण मोठं पाकीट मिळतं. बाटलीतून दुसरी बारीक नळी काढून एका भोकात हलकेच टेकवायची. पंप चालू केला की कोरडी हवा एका भोकातून आत आणि ओली हवा दुसऱ्यातून बाहेर. एक दिवस रात्र चालू ठेवा, लागला तर दुसरा दिवस. मी बाजूला चहा घेऊन बसून बघत होते, आधी पंपाजवळच्या कोपऱ्यात रुपयाच्या नाण्याएवढी जागा काळी स्वच्छ झाली, मग ती हळूहळू पसरत गेली, संध्याकाळपर्यंत अर्धी खिडकी स्वच्छ झाली, आणि त्यातून बाहेरचं कुंपण दिसायला लागलं. फार समाधान वाटतं ते बघताना. फक्त एक, दुसरं भोक उघडं असलंच पाहिजे. ते बंद राहिलं तर आत दाब वाढून कडेचा जोड सुटू शकतो, म्हणजे होती ती पण खिडकी गेली.

सिलिका जेल नारंगी रंगाचं घ्या, ओल पिऊन हिरवं झालं की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोनेक तास ठेवा, परत नारंगी होतं. निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं, मुलं असलेल्या घरात ते नकोच.

बुचं परत कधी लावायची? डोळ्याला स्वच्छ दिसलं की लगेच नाही. आत जी हवा बंद होणार ती किती कोरडी आहे त्यावर पुढचा सगळा हिवाळा अवलंबून आहे. २० अंशांत आर्द्रता ६० टक्के असताना बुच लावलंत तर पत्रा १२ अंशांवर आला की धुकं परत हजर, म्हणजे इथे सप्टेंबरच्या रात्रीच. तेच ४० टक्क्यांना लावलंत तर ६ अंशांपर्यंत धुकं धरणार नाही. म्हणून मीटर ४० च्या खाली आलं की मगच लावा, आणि खिडकी हेअर ड्रायरने गरम असताना लावू नका, गार होऊ द्या, नाहीतर आतली हवा आकसून कडेने परत ओल ओढेल. बुच कडक झालं असेल, चिरलं असेल तर नवीन लावा, कॅरॅव्हॅनच्या सामानाच्या दुकानात पाकिटात मिळतात, साइज मोजून घ्या.

बुच नसलेल्या खिडक्या पण असतात. त्यांना आतल्या पत्र्याला बारीक भोक पाडून बुच बसवतात, पण ॲक्रिलिक ड्रिलला चटकन तडकतं आणि त्याचा भुसा आत पडतो, त्यामुळे नवीन माणसाने हे स्वतः करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पाणी साठलं असेल तर

इथे खिडकी काढावी लागते. दोघं जण लागतात, एकट्याने नाही. आधार देणारे दोन्ही दांडे स्क्रू काढून सोडवायचे, एकाने खिडकी धरून ठेवायची, वरच्या बिजागरीच्या पट्टीच्या टोकाला बारीक अडथळा किंवा स्क्रू असतो तो काढायचा आणि मग खिडकी पट्टीतून सरकवत बाजूला बाहेर काढायची. काही मॉडेलमध्ये सरकत नाही, पूर्ण वर उचलली की सुटते. जोर लावायला लागतोय म्हणजे काहीतरी राहिलंय, थांबा आणि परत बघा. वारा असलेल्या दिवशी हे काम काढू नका, मोठी खिडकी वाऱ्यात पतंगासारखी होते.

घरात आणून भोक खाली येईल अशी उभी धरा, पाणी निथळू द्या. आत हिरवट शेवाळं किंवा पांढरे डाग असतील तर बारीक नळीच्या सिरिंजने बॅटरीत घालायचं डीआयोनाइज्ड पाणी आत सोडून खळबळून काढा. नळाचं पाणी नको, इथे कित्येक भागात पाणी इतकं क्षाराचं आहे की वाळल्यावर चुन्याचे ओघळ राहतात. मग गरम पाण्याची टाकी असलेल्या कपाटात, किंवा रेडिएटरपासून थोडं लांब, आठवडाभर उभी ठेवा. तोवर गाडीच्या भोकाला जाड प्लॅस्टिक आणि टेप.

परत लावल्यावर एक जोराचा पाऊस होऊ द्या. पाऊस झाला की दोन दिवसांत पाणी परत आत, तर जोड गेलाय, मग ती बदलायचीच. कडेने सिलिकॉन फासायचा मोह होतो पण त्याने फक्त आतली ओल आतच कोंडते, आणि नवीन ओल दुसरीकडून येते. खिडकीच्या कोपऱ्यात कोरलेले आकडे असतात, मेक आणि अप्रूव्हल नंबर, त्याचा फोटो आणि लांबी रुंदी घेऊन जुन्या कॅरॅव्हॅन मोडून भाग विकणाऱ्यांकडे आधी विचारा, नव्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते.

आणि आतल्या बाजूची ओल

ज्यांचं बोट ओलं झालं त्यांच्यासाठी, आणि खरं सांगायचं तर नव्या लोकांपैकी बहुतेकांचं दुखणं हेच असतं. साधा हिशोब बघा. मध्यम कॅरॅव्हॅनच्या आत धरा २० घनमीटर हवा. २० अंशांत ती जास्तीत जास्त ३५० ग्रॅमच्या आसपास वाफ धरू शकते. झोपलेला माणूस तासाला साधारण ४० ग्रॅम पाणी श्वासातून आणि अंगातून सोडतो, म्हणजे दोघं आठ तास झोपले की ६०० ग्रॅमच्या वर. सगळं गच्च बंद केलंत तर ते जाणार कुठे, सगळ्यात गार जागेवर, म्हणजे खिडकीवर. त्यात आपला स्वयंपाक. कुकरच्या शिट्ट्या, उकळता चहा, पोह्यांवर झाकण ठेवून काढलेली वाफ. आणि गॅस स्वतःच पाणी तयार करतो, एक किलो प्रोपेन जळला की १.६ किलो पाणी वाफ होऊन हवेत येतं.

म्हणून थंडी वाजते म्हणून सगळं बंद करणं हा उलटा उपाय आहे. स्वयंपाक करताना छतावरची खिडकी उघडी, कुकर लावला असेल तर शेजारची खिडकी पण. रात्री खिडकीच्या कडीला दोन खाचा असतात, दुसऱ्या खाचेत अडकवली की बोटभर फट राहते, एक तरी खिडकी तशी ठेवा. फक्त निघताना सगळ्या पूर्ण बंद केल्यात का ते फिरून बघा, फटीवर ठेवून हायवेला गेलात तर वारा खिडकी उपटून नेतो. ब्लाइंड, म्हणजे खिडकीचा गुंडाळायचा पडदा, रात्री अगदी तळापर्यंत ओढू नका, खाली दोन बोटं जागा ठेवा म्हणजे गरम हवा पत्र्यापर्यंत पोचते. उन्हाळ्यात उलट कारणासाठी तेच, कडक उन्हात ब्लाइंड पूर्ण बंद ठेवलं की मधे उष्णता कोंडून ॲक्रिलिक वाकतं. हीटर जोरात लावून बंद, परत जोरात, असं करण्यापेक्षा मंद पण सतत चालू ठेवा. ओले जॅकेट आत वाळत घालू नका, ऑनिंगमध्ये, म्हणजे दाराबाहेर जोडायच्या तंबूत, टांगा, नाहीतर बाथरूममध्ये, दार बंद आणि वरचा व्हेंट उघडा.

दोन गोष्टी मात्र कधीच करायच्या नाहीत, कितीही थंडी असली तरी. जमिनीतले आणि दाराजवळचे कायमचे व्हेंट बुजवायचे नाहीत, जमिनीतली भोकं गळलेला गॅस खाली निघून जावा म्हणून असतात. आणि गॅसची शेगडी पेटवून गाडी गरम करायची नाही, कार्बन मोनॉक्साइडने माणूस झोपेतच जातो. त्याचा अलार्म आहे का, चालू आहे का, बटण दाबून बघा, आज बघा.

हिवाळ्यात गाडी स्टोरेजला लावताना गाद्या उभ्या करून ठेवा, कपाटांची दारं उघडी, ब्लाइंड वर. कॅल्शियम क्लोराइडचे ओल शोषणारे डबे ठेवत असाल तर सिंकमध्ये ठेवा, ते पाणी सांडलं तर धातू खातं आणि गालिच्यातून निघत नाही. महिन्यातून एकदा जाऊन दारं उघडून वारा द्या. वर्षाच्या हॅबिटेशन सर्व्हिसला, म्हणजे गाडीच्या राहत्या भागाच्या तपासणीला, भिंतींची डॅम्प टेस्ट, म्हणजे ओल मोजणी, करून घ्या आणि आकडे लिहून मागा, १५ टक्क्यांपर्यंत ठीक, २० च्या वर गेला तर खिडकीच्या भोवतीचा सीलंट तपासायला सांगा, कारण तिथून शिरलेलं पाणी भिंतीतलं लाकूड कुजवतं आणि ते खिडकीच्या धुक्यापेक्षा कितीतरी महाग पडतं.

ज्यांनी अजून गाडी घेतलीच नाहीये, नुसती बघताय, त्यांनी विकणाऱ्याला सकाळी आठ-साडेआठची वेळ मागा, दुपारची नको. दुपारी ऊन लागून सगळ्या खिडक्या स्वच्छ दिसतात. सकाळी गारठ्यात एकेक खिडकीवर आतून बाहेरून बोट फिरवत जा, वरच्या कोपऱ्यात बुचं जागेवर आहेत का बघा, आणि खालच्या कडेला हिरवी रेघ दिसली तर त्या खिडकीच्या किमतीएवढी घासाघीस तिथेच उभं राहून करा.